चाळीस डिग्रीवर बघितलेलं तेल

कर्मचाऱ्याचे वर्णन खालीलप्रमाणे. लिंग: पुरुष. वय: सत्तावन्न पूर्ण. उंची: मध्यम, म्हणजे लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली मान न वाकवता उभे राहता येईल इतकी, मान तरीही वाकलेली. वर्ण: सावळा, मनगटापासून पुढे काळा, तो साबणाने जात नाही. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीवर गरम तेलाने भाजल्याचा डाग. पद: वरिष्ठ तंत्रज्ञ, पारेषण (गिअरबॉक्स) विभाग, श्रेणी दोन. श्रेणी एक आजवर कोणालाही प्रदान करण्यात आलेली नाही. वर्तणूक: समाधानकारक. शिस्तभंग: निरंक. संवादकौशल्य: सुधारणेस वाव.

हे वर्णन महागड्या गाड्यांच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये, लोखंडी कपाटातल्या हिरव्या फायलीत आहे. त्यात माणूस सोडून बाकी सगळं आलेलं आहे.

माणसाला तिथे सगळे चाळीस म्हणतात. नव्याने कामाला लागलेल्यांना वाटतं, हे त्याचं वय असावं. मग ते त्याच्याकडे एकदा नीट बघतात आणि तो अंदाज सोडून देतात. खरं कारण तेलात आहे. या मोठ्या गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल किती आहे हे कांडी बुडवून बघायची सोय कंपनीने ठेवलेली नाही. आपल्या गाडीच्या पोटात मालकाने डोकावू नये, अशी कंपनीची इच्छा असावी. त्यामुळे रीत अशी: गाडी लिफ्टवर सपाट धरायची, इंजिन चालू ठेवायचं, दांडा एकेका गिअरमधून फिरवून आणायचा आणि तेलाचं तापमान तीस ते पन्नास डिग्रीच्या मध्ये आलं की बाजूचं बूच उघडायचं. तेलाची धार लागून ती थेंबांवर आली की तेल बरोबर. तेल गार असेल तर जास्त भरलं जातं, फार तापलेलं असेल तर कमी. आणि इंजिन बंद असेल तर सगळंच मुसळ केरात, कारण वर खेळत असलेलं तेल खाली तळात उतरतं आणि अर्धपोटी गिअरबॉक्ससुद्धा भरल्या पोटाच्या माणसासारखा ढेकर देतो.

तीस ते पन्नास ही बाकीचे लोक मुभा समजतात. हा चाळीसवर अडून बसतो. एकोणचाळीसला बूच उघडत नाही, एक्केचाळीस झालं तर पंखा लावून वाट बघतो. कंपनीचा संगणक आकडा दाखवतो, तरी खिशात स्वतःचा थर्मामीटर. सव्वीस वर्षं प्रत्येक कामाच्या कागदावर 'तापमान' या रकान्यात एकच आकडा लिहिल्यावर लोकांनी दुसरं काय नाव ठेवायचं.

त्याची खोली वर्कशॉपच्या अगदी मागे आहे. एक लिफ्ट, एक टेबल, पत्र्याचं कपाट आणि भिंतीला खेटून काढून टाकलेल्या गिअरबॉक्सची रांग, त्यांच्यावर चिठ्ठ्या. पुढच्या बाजूला काचेची बैठकीची खोली, तिथे गाड्यांचे मालक बसतात. ड्रायव्हर लोक काचेच्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कॉफीचं मशीन आत आहे. बाहेरच्यांनी कॉफी पिऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. नुसतं मशीन आत आहे.

मालकाने तक्रार स्वतःच्या तोंडाने सांगावी म्हणून चाळीसला अधूनमधून काचेच्या खोलीत बोलावतात. संवादकौशल्यात वाव राहिला तो इथेच. कोणी सांगतं, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडीला उचकी लागते. कोणी सांगतं, मागून कोणी लाथ घातल्यासारखं होतं. एक बाई तर घड्याळ लावून आल्या होत्या: रिव्हर्स टाकला की गाडी तीन सेकंद विचार करते, मग निघते. एका गृहस्थांनी मोठ्या हायवेला गाडी एकसारख्या वेगात कशी थरथरते ते खुर्चीत बसून करून दाखवलं आणि शेजारच्यांची कॉफी सांडली.

चाळीस ऐकून घेतो आणि कारण सांगतो, हीच त्याची चूक. उचकी लागते ती बहुतेकदा तेल जुनं झालं म्हणून. लाथ बसते ती आतल्या झडपा अडकायला लागल्या म्हणून. रिव्हर्सला विचार करावा लागतो तो तेलाचा दाब बसायला वेळ लागतो म्हणून, आणि दाब बसत नाही तो कुठेतरी रबराची चकती कडक होऊन गळते म्हणून. कधी गिअरबॉक्सचा काडीचाही दोष नसतो, बॅटरी मेलेली असते आणि संगणक घाबरून गिअरबॉक्सचं नाव घेतो. कधी चार टायरपैकी दोनच नवे घातलेले असतात आणि चारही चाकांना जोर देणारी गाडी दिवसभर स्वतःशीच भांडत असते. आणि पुष्कळदा कारण काचेच्या खोलीत, समोर बसून कॉफी पीत असतं. गाडी पुरती थांबायच्या आत पुढून मागे दांडा ओढणारं. हे तो मालकाला तोंडावर सांगतो. मग फायलीत वाव वाढतो.

कंपनीच्या पुस्तकात छापलेलं आहे की गिअरबॉक्सचं तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे, बदलायची गरज नाही. चाळीसला हे पूर्ण मान्य आहे. तो म्हणतो, तेल संपलं की आयुष्य संपतं, पुस्तकात खोटं काहीच नाही.

असा हा माणूस. थकलेला म्हणावा तर रोज वेळेवर येणारा. सकाळी आला की आधी दोन मिनिटं टेबलाला धरून उभा राहतो. देवाचं काही करत नाही, कंबर सरळ होण्याची वाट बघतो.

तर गेल्या उन्हाळ्यात एक काळी, सात माणसांची, घराएवढी गाडी ट्रकवर चढून त्याच्याकडे आली. चौकात मधोमध तिने अंग टाकलं होतं: गिअर एकाच जागी अडकला, पडद्यावर लाल अक्षरं, मागे हॉर्नचा कल्लोळ. गाडी एका बांधकामवाल्या मालकाची. चालवणारा त्याचा ड्रायव्हर, वय अठ्ठावन्न, अकरा वर्षांपासून नोकरीत. राहायला मालकाच्याच गॅरेजच्या मागची खोली. नोकरी गेली की खोली गेली, हे गणित त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, तरी मालकाने ट्रक निघताना समजावून सांगितलं होतं. मालकाचं म्हणणं सरळ होतं. गाडी फक्त सेहेचाळीस हजार किलोमीटर चाललेली, तिचा गिअरबॉक्स आपोआप जळत नाही. सर्व्हिस सेंटरने कारण लेखी द्यावं, आणि कारण ड्रायव्हर निघाला तर ड्रायव्हरने आपला रस्ता धरावा.

चाळीसने गाडी लिफ्टवर घेतली आणि तेल काढलं. इथे त्याची आणखी एक सवय सांगायला हवी. बाकीचे लोक जुनं तेल सरळ पिंपात सोडतात. हा ते आधी रेघा मारलेल्या भांड्यात घेतो आणि मोजतो. कोणी विचारलेलं नसतं, कागदावर रकाना नसतो, तरी मोजतो. तेल काळं होतं, करपलेल्या दुधासारखा वास. त्याचं त्याला नवल वाटलं नाही. आतल्या क्लचच्या चकत्या जळल्या की असाच वास येतो. नवल वाटलं ते भांड्याकडे बघून. अशा वेळी जेवढं खाली यायला हवं, त्यापेक्षा दीड लिटर कमी भरलं.

त्याने भांडं टेबलावर सपाट आहे ना ते पाहिलं. टेबल सपाट होतं. मग टॉर्च घेऊन गिअरबॉक्सची खालची बाजू इंच इंच तपासली. गळती नाही, ओल नाही, धूळसुद्धा चिकटलेली नाही. तेल गळलेलं नव्हतं. म्हणजे ते कधी भरलंच गेलं नव्हतं.

कपाटातून त्याने जुना कागद काढला. सात महिन्यांपूर्वी याच गाडीच्या गिअरबॉक्सचं तळाचं भांडं पाझरत होतं म्हणून बदललं होतं, तेल नवं भरलं होतं. तंत्रज्ञाची सही त्याची स्वतःची. तापमान: चाळीस. इंजिन चालू: बरोबरची खूण. तेलाची पातळी: योग्य.

मग त्याला तो दिवस आठवला. बायकोच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि तीन रात्री त्याने दवाखान्यातल्या बाकावर काढल्या होत्या. वर्कशॉपमधला धूर ओढणारा पंखा बंद पडला होता. गाडी चालू ठेवली की धूर काचेच्या खोलीत शिरत होता आणि आत कोणी बड्या गिऱ्हाइकाने खोकायला सुरुवात केली होती. मॅनेजरने येऊन सांगितलं, काका, दोन मिनिटं इंजिन बंद करा. त्याने बंद केलं. तेल भरायला बूच उघडंच होतं, तापमान अजून घ्यायचं होतं. तेल धारेने आलं आणि मग थेंबांवर आलं. त्याने डोळ्यांनी ते पाहिलं, हाताने बूच लावलं. दोन मिनिटांनी इंजिन चालू करून पुन्हा बघायचं होतं. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला, पेशंटला घरी सोडतायत, ताबडतोब या. तो गेला. परत आला तेव्हा गाडी धुवायला लागली होती आणि कागद सहीसाठी टेबलावर होता. तापमानाच्या रकान्यात त्याच्या हाताने चाळीस लिहिलं. डोकं तिथे नव्हतं, पण हाताला डोक्याची गरज नव्हती. सव्वीस वर्षांची सवय. दुसरं कोणी असतं तर रकाना कोरा राहिला असता, आणि कोऱ्या रकान्याने कोणाला तरी दुसऱ्या दिवशी आठवण करून दिली असती.

आता तो कागद चाळीसच्या बाजूने भक्कम साक्ष देत होता. इतका भरवशाचा साक्षीदार त्याला जन्मात मिळाला नव्हता, आणि तो खोटा होता.

दुपारी मॅनेजर नवा फॉर्म घेऊन आला. मॅनेजर चौतिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कोणावर ओरडत नाही, त्यामुळे त्याला नाही म्हणणं अवघड जातं. फॉर्मवर बिघाडाच्या कारणाचे चार रकाने होते: उत्पादनातील दोष, चालकाकडून गैरवापर, बाहेरील व्यक्तीकडून छेडछाड, अपघात अथवा पूर. वर्कशॉपकडून चूक, असा रकाना नव्हता. ज्यांनी फॉर्म केला त्यांना ती शक्यताच सुचली नसावी, किंवा फार आधी सुचली असावी.

मॅनेजरने त्याला समजावून सांगितलं की उत्पादनातल्या दोषावर खूण केली तर कंपनीचा तपासनीस येणार, बॉक्स उघडणार, जळलेल्या चकत्या बघणार आणि नाही म्हणणार. बाहेरच्या कोणी हात लावलेला नव्हता, पूर आलेला नव्हता. उरला दुसरा रकाना. चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवतात, ते सगळेच ड्रायव्हर करतात, त्याने चकत्या जळतात, त्यात खोटं काय. संगणकातही 'तेल अति तापले' अशी नोंद आठ वेळा आहे. चाळीस म्हणाला, बघतो. मॅनेजर म्हणाला, दोन दिवसांत बघा. तेल मोजल्याचं चाळीस बोलला नाही. मॅनेजरने विचारलंही नाही. मोजायची पद्धतच नव्हती.

संध्याकाळी निघताना ड्रायव्हर प्लास्टिकच्या खुर्चीवर दिसला. गाडी आत होती, त्याला थांबायचं काही काम नव्हतं. पण गाडीशिवाय मालकाच्या दारात जायचं कसं, हा त्याला प्रश्न पडलेला असावा. चाळीसला बघून तो उठला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "एवढंच सांगा, मी काय केलं?"

चाळीसने सांगितलं की अजून बघतोय.

"नाही, मी विचार करतोय सकाळपासून. तो टेकडीवरच्या बंगल्याचा चढ आहे ना, तिथे गेल्या महिन्यात जरा दाबली होती मी. साहेबांना उशीर होत होता. तेच असेल, नाही का?" त्याने थोडं थांबून विचारलं, "एका वेळेने एवढं होतं?"

एका वेळेने होत नाही, चाळीस म्हणाला. हे खरं होतं, आणि पुरेसं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, मग त्याआधीही कधी दाबली असेल, आपल्याला काय आठवतंय. अकरा वर्षं गाडी पुरती थांबल्याशिवाय ज्याने दांड्याला हात लावला नव्हता तो माणूस आपला गुन्हा शोधायला मागे मागे चालला होता, आणि चाळीसने त्याला हात देऊन थांबवलं नाही. बस पकडायचीय म्हणून तो निघून गेला. बसला अजून पाऊण तास होता.

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीची लिफ्ट बंद असते. तिच्यावर 'दुरुस्ती सुरू आहे' अशी पाटी आहे आणि पाटीवर धूळ आहे. जिना चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबतो. लोकांना वाटतं दम लागला. तो खरं तर काही विचार करत नसतो. पाय आपापले थांबतात.

बायको एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते. दिवसातून तीनशे माणसांना नाव, वय, पत्ता विचारते आणि घरी आल्यावर तासभर कोणाला काहीच विचारत नाही. दोघांचं त्यामुळे चांगलं जमतं. त्या दिवशी मात्र तो जेवताना ताटात बघत बसला, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्याही. दोन दिवस त्याने मॅनेजरला टाळलं; तिसऱ्या दिवशी मॅनेजरने फॉर्म त्याच्या टेबलावर ठेवून वर त्याचाच थर्मामीटर दाबला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

तिसऱ्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. पंखा, धूर, बूच, फोन, ड्रायव्हर. फोनचं त्याने शक्य तेवढं हळू सांगितलं, पण तिला ते बरोबर ऐकू आलं.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही गं. तू तर झोपली होतीस."

"तेच म्हणते. मी झोपले होते आणि तुम्ही जागे होता." मग तिने त्याच्या वाटीत आमटी वाढली. "त्या माणसाला खोली कुठे आहे?"

गॅरेजच्या मागे, तो म्हणाला.

"मग लिहा ना, तेल कमी होतं म्हणून."

"तसा रकाना नाही फॉर्ममध्ये."

ती हसली नाही. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला फॉर्मचं हसू येत नाही. ती म्हणाली की रकाना नसला की आमच्याकडे खाली लिहितात. आजार काही रकाना बघून होत नाही. आणि मग ताट उचलता उचलता तिने विचारलं की अजून तीन वर्षं नोकरी आहे ना तुमची. तो हो म्हणाला. ती ताटं घेऊन आत गेली. हा प्रश्न होता की इशारा, ते त्याला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने टेबलाला धरून कंबर सरळ केली, चारही रकाने कोरे ठेवले आणि खाली, सहीच्या जागेच्या वर, लिहिलं: सात महिन्यांपूर्वी तेल भरताना पातळी इंजिन बंद असताना पाहिली. तेल दीड लिटर कमी राहिले. तापमान मोजले नव्हते, सवयीने लिहिले. चालकाचा संबंध नाही. पाहणारा मीच. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

मॅनेजरने ते दोनदा वाचलं. तो ओरडला नाही. त्याने दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे केली.

"काका, हे हात दाखवून अवलक्षण आहे. कोणी विचारलं होतं का तुम्हाला?"

चाळीस म्हणाला, ड्रायव्हरने विचारलं होतं.

मॅनेजरने बरीच मांडामांड केली. दीड लिटर भांड्यात कमी दिसलं, पण थोडं सांडलं असेल, थोडं वाफ झालं असेल. गिअरबॉक्सच्या तेलाची वाफ होत नाही, चाळीस म्हणाला. इंजिन बंद करायला मीच सांगितलं होतं, हेही तुम्हाला लिहायचंय का, असं मॅनेजरने विचारलं, आणि हा त्या दिवसातला एकच प्रामाणिक प्रश्न होता. चाळीस म्हणाला, तुम्ही दोन मिनिटं सांगितलं होतं. बूच मी लावलं. मॅनेजरने फॉर्म उचलून फायलीत घातला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि त्या सुटकेची लाजही होती. दोन्ही तो इस्त्रीच्या शर्टात नीट बसवायचा प्रयत्न करत होता. शेवटी म्हणाला, वर पाठवावं लागेल. चाळीस म्हणाला, पाठवा.

वर पाठवलं. वर काय झालं ते खाली कोणाला कळत नाही. वरून फक्त परिणाम येतात. नवा गिअरबॉक्स सेंटरने स्वतःच्या खर्चाने बसवला. मालक गाडी घ्यायला स्वतः आला आणि काचेच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की आपला ड्रायव्हर पहिल्या दर्जाचा आहे, आपण पहिल्यापासून हेच सांगत होतो. कोणी त्याला आडवं गेलं नाही. त्याची दुसरी कॉफी चालू होती.

ड्रायव्हरला कोणी काही सांगितलं नव्हतं. गाडी झाली, घेऊन चल, एवढंच. म्हणून चाळीस त्याच्या खुर्चीपाशी गेला आणि सांगितलं, की इंजिन बंद असताना बघून तेल मी कमी भरलं होतं, तुमचं काही नव्हतं.

ड्रायव्हरने ते समजून घेतलं. त्याला वेळ लागला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. दुपारी."

"आणि मी विचारलं संध्याकाळी."

"हो."

ड्रायव्हरने मान हलवली. तो रागावेल, निदान शिवी देईल, असं चाळीसला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण ड्रायव्हर एवढंच म्हणाला की इतके दिवस मी घरात सामान बांधून ठेवलं होतं, आता सोडायचं राहिलंय. मग किल्ली घेतली, गाडीत बसला, गाडी पुरती थांबलेली होती तरी ब्रेक दाबून धरला, मगच दांडा ओढला, आणि गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं राहून गेलं होतं खरं, पण संन्याशाने सुळाखाली काढलेले दिवस काही कोणी परत देणार नव्हतं.

चाळीसचं पुढे असं झालं. त्याला कोणी काढलं नाही. त्याला एक पत्र मिळालं, त्यात त्याच्या दीर्घ सेवेबद्दल दोन ओळी होत्या आणि तिसरीत बदली. मागच्या खोलीत आता एक नवा तंत्रज्ञ आहे. हुशार आहे, संगणकावर त्याचा हात चालतो, तीस ते पन्नास ही मुभा आहे हे त्याला माहीत आहे. जुनं तेल तो सरळ पिंपात सोडतो; मोजायचा रकाना नाही. पंखा दुरुस्त झाला. रकाना मात्र तसाच आहे, म्हणजे नाही.

चाळीसला आता गेटपाशी टेबल आहे. येणाऱ्या गाडीची किल्ली घ्यायची, तिला नंबराची पट्टी बांधायची, फळीवर टांगायची. टेबल उन्हात येतं म्हणून तो दुपारी ते दोन फूट सरकवतो आणि संध्याकाळी परत जागेवर लावतो. थर्मामीटर खिशात असतो. मध्ये एकदा त्याने तो खिशातून काढून टेबलावर ठेवला होता. बेचाळीस दाखवत होता. कोणाला सांगावं असा काही तो आकडा नव्हता. त्याने तो परत खिशात ठेवला. बायकोने विचारलं नवीन काम कसं आहे, तर म्हणाला, बसून आहे. कंबरेला बरं, ती म्हणाली. कंबरेला बरं होतं.

सहा महिन्यांनी काळी गाडी सर्व्हिसला आली. ड्रायव्हरने काच खाली केली, किल्ली दिली, तो ओळख दाखवेल की नाही याची चाळीसने वाट बघितली नाही, पट्टीवर नंबर लिहीत राहिला. ड्रायव्हर उतरला, दार लावलं, आणि खुर्चीकडे जाता जाता थांबून, वळून न बघता म्हणाला, "आज आत कोण आहे त्याला सांगा, इंजिन चालू ठेवून बघ म्हणावं."

चाळीसने जाऊन सांगितलं. नवा तंत्रज्ञ म्हणाला, माहितीये काका. चाळीस तिथे उभा राहिला. इंजिन चालू राहिलं, दांडा फिरला, बूच उघडलं, धार लागली आणि थेंबांवर आली. मग तो गेटपाशी परत आला, कारण तिथे तीन गाड्या थांबल्या होत्या आणि एकजण हॉर्न वाजवत होता.

हिरव्या फायलीत त्याच्या वर्णनापाठीमागे आता एक पान जोडलेलं आहे. त्यावर लिहिलंय की संदर्भीय वाहनाच्या पारेषण संचात वंगणद्रवाच्या परिमाणात प्रक्रियात्मक विचलनामुळे मर्यादित स्वरूपाची तफावत उद्भवल्याचे निदर्शनास आले असून, संबंधित तंत्रज्ञाच्या अनुभवाचा लाभ ग्राहक-स्वागत कक्षास मिळावा या हेतूने त्यांची सेवा सदर कक्षाकडे वर्ग करण्यात येत आहे. वर्तणूक: समाधानकारक. संवादकौशल्य: सुधारले.

तेल दीड लिटर कमी होतं.